खाकरणारी गाडी

माझ्या सासऱ्याच्या खाकरण्याबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं लोकांना पटत नाही, आणि जे पटत नाही तेच नेमकं खरं असतं. हा माणूस आयुष्यभर जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालांचा मुकादम होता. मोंढ्याच्या एका टोकाला तो खाकरला की दुसऱ्या टोकाचे हमाल पोत्यांवरून उठून उभे राहत, आणि पत्र्यावरची कबुतरं उडत ती थेट बदनापूरला जाऊन बसत. वारा बराबर असला तर नवीन जालन्याच्या स्टेशनात उभी पॅसेंजर सिग्नल मिळाला समजून सुटायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पॅसेंजर नाही पाहिली, कबुतरं पाहिलीत.

तर हे खाकरणं पुढं एका यंत्राला बसवावं लागलं. कशापायी, ते सांगतो.

मी बियाण्याच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला आहे. कंपनी फार मोठी नाही; शेठ रोज सकाळी स्वतः चक्कर मारतात आणि कोणाच्या घरी काय भाजी झाली हे विचारतात, एवढीच. माझी बायको तिथंच निवडणीच्या हॉलात आहे. लांबलचक हॉल, मधून एक वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना बायकांच्या ओळी. बायका वाटेकडं पाठ करून बुटक्या स्टुलावर बसतात, मांडीवर सूप, सुपात भेंडीचं नाहीतर दोडक्याचं बी. खराब दाणा दिसला की बोट त्यावर असं पडतं जसं काही दाण्यानंच बोलावलं होतं. पोती आधी हमाल आणत. हमाल वाटेत शिरताना ‘होऽऽ बाजूऽऽ’ अशी आरोळी द्यायचे आणि बायका कोपरं आत घ्यायच्या. पुढं तरणे हमाल लोखंडाच्या मिलांमध्ये गेले, म्हातारे घरी बसले, आणि शेठनी आपली आपण चालणारी गाडी आणली.

गाडी म्हणजे चाकं लावलेला पलंग समजा. वर पोती ठेवायची, पुढं लेझरचा डोळा. ड्रायव्हर नाही, स्टिअरिंग नाही, पगारवाढ मागत नाही. समोर माणूस दिसला की थांबते. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं तिच्यापुढं उभं राहून बघितलं. स्टोअरकीपर तर तिच्यापुढं आडवा झोपला. थांबली. त्याचा फोटो त्यानं साऱ्या भोकरदन तालुक्याला पाठवला.

दोष एकच होता. गाडी मुकी होती. इतकी मुकाट चालायची की तिच्या शेजारी मांजर म्हणजे बँडपथक. त्यात हॉलात चाळण्यांचा खडखडाट. पाठ करून बसलेल्या बाईला गाडी मागं आली हे कळायचं कसं? आणि समोर उभ्या माणसासाठी थांबणारी गाडी, बाजूनं अचानक आत झुकलेल्या माणसासाठी कितीही डोळस असली तरी थांबेपर्यंत वीतभर पुढं येतेच. माझ्या बायकोनं सूप पाखडायला हात मागं झोकला, तेव्हा गाडीचं टोक तिच्या कोपराला लागलं. सूप वर गेलं आणि अख्ख्या ओळीवर भेंडीच्या बियांचा पाऊस पडला. कोपर काळंनिळं झालं. बायको कोपराबद्दल एक शब्द बोलली नाही, निवडलेलं बी मातीत गेलं म्हणून संध्याकाळपर्यंत बोलत होती.

शेठ मात्र पांढरे पडले. चांगला माणूस आहे, पण चांगला माणूस घाबरला की त्याचे निर्णय वाईट होतात. त्यांनी सांगितलं, पोळ्यापर्यंत बघू. तोवर गाडी आणि बाया एका हॉलात बिनधोक राहू शकल्या तर ठीक, नाहीतर हॉलात मधोमध लोखंडी जाळी मारायची, गाडी आतल्या बाजूला एकटी फिरेल आणि निवडणीचं काम ठेकेदाराच्या शेडात जाईल. शेड गावापासून इतकं लांब की तिथं पोचेपर्यंत सुट्टीची वेळ व्हावी. अर्ध्या बायकांना काम सोडावंच लागलं असतं. जाळीची भेंडोळी तर दुसऱ्याच दिवशी गेटापाशी येऊन पडली.

मस्तगडला घरी आल्यावर बायकोनं मला एवढंच सांगितलं, “मी त्या शेडात जानार न्हाई, आन् घरी बी बसनार न्हाई. तुमची गाडी तुम्ही सरळ करा.”

गाडी माझी नव्हती. पण नवऱ्याच्या खात्यातलं यंत्र म्हणजे नवऱ्याचंच यंत्र. त्याच्यावर वाद घालून कोणी जिंकलेला मला माहीत नाही.

गाडी बनवणाऱ्यांनी एक इंजिनिअर बाई पाठवली. नागपूरची, वयानं लहान, पायात बूट, केस बांधलेले, आणि जेवताना सुद्धा विचार करणारी. आम्ही तिला म्याडम म्हणायचो. तिनं आधी पिकअपसारखा टिटिट आवाज लावला. जालन्यात टिटिट ऐकून बाजूला होणारा माणूस अजून जन्मायचा आहे. इथं मागं येणाऱ्या ट्रकला आम्ही हातानं थांबवून रस्ता ओलांडतो. मग तिनं गाडीपुढं फरशीवर निळा उजेड पाडला. बायकांची पाठ वाटेकडं, उजेड बघणार कोण? मग तिनं एका बाईचा गोड आवाज लावला, ‘कृपया बाजूला व्हा, गाडी येत आहे.’ पहिल्या ओळीतली एक जाडजूड मावशी मान न वळवता म्हणाली, “तूच व्हय बाजूला, मी कामात हाये.” दुपारपर्यंत सगळा हॉल त्या आवाजाशी भांडायला शिकला. गाडी बोलायची, बायका उलट बोलायच्या, आणि माझं ब्लड प्रेशर जे वर गेलं ते अजून जिन्यातच उभं आहे.

शेठनी तेवढ्यात माझ्या बायकोची जागा बदलली. वाटेजवळून उठवून तिला पार भिंतीकडं, खिडकीपाशी बसवलं, म्हणजे पुन्हा काही लागायला नको. हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी ठेवलं नाही.

एक दिवस बायको डबा घरी विसरली. सासरा शेजारच्याच गल्लीत राहतो. सासूनं त्याच्या हाती डबा दिला आणि तो कंपनीत आला. डोक्याला फेटा, हातात पिशवी. सरळ हॉलाच्या दारात येऊन उभा राहिला आणि आत बायका आहेत हे बघून खाकरला.

खोकला वेगळा आणि खाकरणं वेगळं. खोकला होतो, खाकरणं केलं जातं. घरात शिरताना वडीलधारा माणूस उंबऱ्याबाहेर खाकरतो, म्हणजे आतल्या सुनांना कळतं की कोणीतरी येतंय. पदर सावरा, पाय आत घ्या, बोलणं चाललं असेल ते बदला. तो आवाज झाला आणि त्या हॉलात जे घडलं ते बघून माझ्या हातातला पाना गळाला. चाळण्यांच्या खडखडाटातून तो बराबर सगळ्यांच्या कानात गेला. दोन्ही ओळींनी पाय आत घेतले, कोपरं अंगाला लागली, पदर डोक्यावर गेले. त्या जाडजूड मावशीनं मिश्रीची डबी सुपाखाली सरकवली. वाट अशी मोकळी झाली की तिच्यातून बैलगाडी गेली असती. आणि एकीनंही मागं वळून बघितलं नव्हतं.

म्याडम माझ्याकडं वळून म्हणाली, “हे आत्ता काय झालं?”

ही कल्पना माझी होती, असं मी सगळीकडं सांगतो. म्याडम सांगते की तिची. सासरा सांगतो की गाडी कंपनीनं त्याच्यासाठीच आणली. खरं काय ते तुम्ही ठरवा, मी फक्त आधी माझं नाव घेतलंय.

रेकॉर्डिंगला बसलो तर वेगळीच पंचाईत. साऱ्या जिल्ह्यात गाजलेला तो गळा फोन समोर धरल्यावर मुका झाला. मामा, खाकरा, म्हटलं की नुसता घसा हलायचा. पाणी दिलं, गूळ दिला, पाठीवर थाप मारली. खोकला आला, शिंक आली, एकदा ढेकर आला, पण ते येईना. शेवटी मामा वैतागले.

“उगीच कसं खाकरू? आत कोन हाये?”

मी म्हटलं, आत कोणी नाही, फोन आहे. ते म्हणाले, मंग फोनला कशाला सांगू मी येऊन राह्यलो म्हणून, तो काय उठनार हाये का? म्याडमनं हे ऐकलं आणि फोन खिशात टाकून म्हणाली, चला तुमच्या घरी. आम्ही मस्तगडला गेलो. सासू आत भाकरी थापत होती, शेजारच्या दोन सुना पीठ न्यायला आल्या होत्या. म्याडम फोन घेऊन दाराआड उभी राहिली. मामा रस्त्यावरून चालत आले, उंबऱ्याशी थांबले आणि असे खाकरले की आळीतल्या तीन घरांत चहा उतू गेला. एका फटक्यात काम झालं.

गाडीला ते बसवलं. सकाळी बहार आली. गाडी खाकरायची, बायका सरकायच्या, गाडी जायची. दुपारी मजा संपली. गाडी दर चार पावलांना खाकरत होती आणि खाकरता खाकरताच पुढं घुसत होती. दिवसभर खाकरणारा सासरा म्हणजे दम्याचा पेशंट, त्याला कोण उठून मान देणार? मावशीनं तिसऱ्या फेरीला गाडीसाठी अडुळशाचा काढा आणायचं ठरवलं.

त्या रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाबा खाकरून लगेच आत घुसत न्हाईत. एकदाच खाकरतात, आन् थांबतात. मी विचारलं किती वेळ? ती म्हणाली, पदर घ्यायला लागतो तेवढा. मी हे म्याडमला सांगितलं, तर तिनं हसून आपल्या कॉम्प्युटरमधला कागद दाखवला. थांबण्याची जागा तिनं आधीच ठेवली होती, किती वेळ हे तेवढं रिकामं होतं. मग निवडणीतल्या एका बाईला पदर घ्यायला लावून घड्याळ धरलं आणि तो वेळ भरून टाकला.

पुढं मात्र म्याडमनं एक अट घातली, तिच्यावरून माझं तिचं जुंपलं. तिचं म्हणणं असं की गाडीनं खाकरावं, पदराएवढं थांबावं, आणि तेवढ्यावर न जाता वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी दिसल्याशिवाय आत पाऊलच टाकू नये. कोणी राहिलं असेल तर पुन्हा खाकरावं, पुन्हा थांबावं. मी म्हटलं, अहो म्याडम, मामांच्या खाकरण्यापुढं कोण थांबतंय? पॅसेंजर सुटते. एवढी जागा मोकळी होण्याची वाट बघत बसली तर पोतं पोचेपर्यंत बी उगवेल.

ती म्हणाली, “सगळे ऐकतील असं धरून मी गाडी सोडणार नाही. एक जण ऐकणार नाही, असंच धरायचं.”

मी त्या वेळी तिच्याच बाजूचा होतो, असं मी हल्ली सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेठ बघायला आले. बरोबर मॅनेजर. म्याडम भिंतीला टेकून उभी, हातात काहीच नाही. माझी जागा लाल बटणापाशी. गाडी कुठंही असो, ते दाबलं की जागच्या जागी मरते. गाडी पोती घेऊन गोदामातून निघाली, हॉलाच्या दाराशी आली, उभी राहिली.

मी ओळीकडं नजर टाकली. वाटेच्या कोपऱ्यावर, पॅकिंगकडच्या वळणाच्या तोंडाशी, माझी बायको बसली होती. कोपऱ्यावरची बाई पोळ्याला माहेरी गेलेली, तिची जागा रिकामी दिसली, तर ही आपलं सूप घेऊन भिंतीकडून उठून तिथं येऊन बसली होती. हिची जुनी जागा तीच. वर सूप कलंडलेलं, बी वाटेत सांडलेलं, आणि ही अर्धीअधिक वाटेत ओणवून दोन्ही हातांनी बी गोळा करून राह्यली होती. पाठ गाडीकडं.

गाडी खाकरली. मामांचा अस्सल गळा. दोन्ही ओळी सरसर आत गेल्या, पदर वर गेले, मावशीची डबी लपली. बायको हलली नाही.

आणि त्या क्षणी मला जे कळलं ते पोळ्याच्या आदल्या दिवसाऐवजी महिनाभर आधी कळायला पाहिजे होतं. हॉलातल्या सगळ्या बायकांना तो कोणातरी सासऱ्याचा आवाज होता. ही त्याची लेक. लेक बापाच्या खाकरण्याला उठते कशाला? इतके दिवस ती भिंतीकडं होती, म्हणून हे कोणाला दिसलंच नव्हतं. ती तर लहानपणी त्या आवाजानं धावत जाऊन त्याच्या खिशात हात घालायची. अख्ख्या जालना जिल्ह्यात त्या खाकरण्याला न भिणारी एकच बाई होती आणि ती नेमकी माझी होती, आणि मी ते खाकरणं तिच्याच रक्षणासाठी बसवलं होतं.

बटणावर माझा हात होता. तो दाबला गेला नाही यात शौर्य काही नव्हतं, हात लाकडाचा झाला होता. पदर घ्यायचा वेळ संपला. गाडीचा दिवा लुकलुकला. म्याडम माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, दाबू नका, गाडीचं गाडीला करू द्या.

गाडी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा खाकरली.

बायको मागं न बघता म्हणाली, “बाबा, थांबा की जरा. सांडलंय हितं.”

गाडी थांबली. शेठ थांबले. चाळणीवाल्यानं चाळणी बंद केली. तिनं दाणा दाणा वेचला, घाई म्हणून नाही. गाडी तिसऱ्यांदा खाकरली.

“ऐकू आलं हो. खाकरून काय बी जल्दी व्हनार न्हाई.”

आता सगळ्या हॉलाला कळलं होतं की ही बी वेचायच्या नादात गाडी विसरली आणि खऱ्या बापाशी बोलून राह्यली. हसू दाबून मावशी लाल झाली होती, पण तिला सांगितलं कोणीच नाही. बायकोनं बी सुपात घेतलं, हात झटकले, स्टूल आत ओढलं, कोपरं आत घेतली. हातभर जागा मोकळी झाली, तेव्हा गाडी निघाली, वरातीतल्या घोड्याच्या चालीनं, आणि तिच्या पाठीमागून जरासुद्धा न लागता पुढं गेली. बाबा गेले का म्हणून तिनं मान वळवली, तर पोत्यांनी भरलेला पलंग वळण घेत होता.

मग हॉल फुटला. हसण्याचा असा आवाज झाला की मोंढ्यातली कबुतरं ह्या वेळी बदनापूर ओलांडून गेली असतील.

शेठ हसले नाहीत. ते तिच्याजवळ गेले आणि विचारलं, सगळ्या सरकल्या, तुम्ही का नाही सरकला? तिनं पदर सावरला, पण शेठकडं बघून सांगितलं, “मी लेक हाये त्यांची, मी कशाला सरकू? आन् न्हाई सरकले तरी थांबली ना ती?”

शेठनी गाडीकडं बघितलं. गाडी पॅकिंगपाशी पोती उतरवून घेत गरीब गायीसारखी उभी होती. मग ते मॅनेजरला म्हणाले, जाळीवाल्याला फोन करा, भेंडोळी घेऊन जा म्हणावं. निवडणी इथंच राहील. एवढंच बोलले आणि कोणाच्या घरी पुरणपोळी किती घालणार ते विचारत ओळीनं पुढं गेले.

मी पोत्यावर बसलो. म्याडम शेजारी येऊन बसली. मला वाटलं तिला काही झालं नाही, तर तिनं चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा बशीत, अर्धा बुटावर. तो चहा मी आजवर प्यायलेल्या चहांत सगळ्यात गोड होता, आणि त्यात साखर घालायची राहिली होती हे मला नंतर कळलं.

म्याडम जाण्याआधी बायकोला भेटली. म्हणाली, ताई, तुमच्यासाठी दुसरा आवाज लावू का, तुम्ही ज्याला सरकता त्याचा? बायको सरकते ती माझ्या बापाला, म्हणजे तिच्या सासऱ्याला; तो हसनाबादला आहे, त्याचंही खाकरणं काही कमी नाही. मी लगेच मोटरसायकलची किल्ली काढली. बायकोनं माझा हात खाली केला.

“नको. ह्या बाकीच्यांनी तरी किती दिवस सरकायचं? ती थांबून राह्यली, ते बास हाये.”

म्याडमनं मान हलवली आणि काही लिहून घेतलं नाही. सासऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. लेकीनं आपलं ऐकलं नाही हे त्यानं सोयीनं गाळलं आणि आपण तीनदा खाकरूनसुद्धा संयम सोडला नाही, हे साऱ्या मस्तगडला सांगत फिरला.

सुट्टी झाली तेव्हा जाळीचा टेम्पो गेटातून बाहेर पडत होता. बायको मोटरसायकलवर मागं बसली, डबा मांडीवर घेतला. मला वाटलं आता दिवसभराचं काहीतरी बोलेल, भ्यायली होती का, कोपर दुखतं का. ती म्हणाली, परवा पोळ्याची सुट्टी झाल्यावर जरा जल्दी निघायचं. ओळीत कोणी कुठं बसायचं ते मावशीच ठरवते, आणि तिनं कोपऱ्याची जागा हिला कायमची देऊन टाकली होती, आणि पहिल्याच दिवशी उशिरा जाऊन ती घालवायची नव्हती. मी गाडीला किक मारली.